दुधातली पुडी

सकाळी सुखदाला ब्लाउजचे हूक लावता येत नसत. बाकी सगळं जमायचं. ताथवड्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचं, त्यांच्या तिरक्या रेघांवरून त्यांना चारचौघांत टोमणे मारायचे, मोजपट्टी न लावता फळ्यावर हातभर सरळ रेघ ओढून दाखवायची, हे सगळं ती झोकात करायची, पण दुपारी. सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटं तिचं ऐकायला तयार नसत. मग निमिष हूक लावून द्यायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातली पाच वर्षं तो हे काम करत होता, त्यामुळे त्यात लाडबीड काही उरलं नव्हतं. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना ते बघावं, तसं तो ते उरकायचा.

संधिवात म्हटलं की लोकांना म्हातारी माणसं आठवतात. सुखदाला तो सत्ताविसाव्या वर्षी झाला. एवढ्या लहान वयात कसा काय, असं भेटेल तो विचारायचा, आणि विचारण्याची तऱ्हा अशी की हिने तो हौसेने मागवून घेतला असावा. हा झिजेचा संधिवात नाही, याला वय लागत नाही, शरीर आपलंच आपल्या सांध्यांवर उठतं, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखायला लागलं तेव्हा तिने सांगणं सोडून दिलं. तेवढं एक तरी दुखणं तिच्या हातात होतं.

चिंचवडला डॉ. खळदकर म्हणून संधिवाताच्या डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे ती नेमाने जायची. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांना सांगितलं होतं, "मला मूल हवंय. आणि ते मला माझ्या हातांनी उचलता यायला हवं." त्यावर डॉक्टरांनी तिची बोटं नेहमीसारखी एकेक दाबून पाहिली आणि हो म्हणाल्या. आठवड्यातून एकदा घ्यायची जी मुख्य गोळी होती ती पोटातल्या बाळाला घातक, म्हणून ती त्यांनी आधी बंद केली, तिचा अंश अंगातून जाईपर्यंत थांबायला लावलं, आणि मगच परवानगी दिली. दुखणं आवरायला दोन साध्या गोळ्या ठेवल्या. दिवस गेल्याचं कळल्यावर सुखदा पेढे घेऊन गेली, तेव्हा त्यांनी पेढा बाजूला ठेवून तिला समोर बसवलं.

"वाईट गोळी मी काढून घेतली आहे. या दोन बाळाला चालतात. बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत. बंद केल्यात की दुखणं उसळतं, आणि उसळलेल्या दुखण्यात माणूस हाताला येईल ते खातो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही मला विचारून."

सुखदाने मान हलवली. मान हलवण्यात ती विद्यार्थीदशेपासून तरबेज होती.

आता घर. आकुर्डीत त्यांची दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांची जागा होती. सासरे हरिहरराव हयातभर दुचाकींच्या कंपनीत इंजिनाच्या जुळणीवर उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरातच गेले. मागे राहिल्या सासूबाई, प्रभावतीबाई, आणि त्यांचे गुडघे. सासू वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. सगळा दोष तिच्या माथी मारून आपण मोकळे झालो असतो. पण प्रभावतीबाई चांगल्या होत्या. सुनेला कणीक मळू देत नसत, तिचे ओले कपडे स्वतः पिळत, आणि शेजारपाजारची कोणी तिच्या बोटांकडे टक लावून पाहू लागली तर तिला चहा न देता वाटेला लावत. त्यांचा जीव होता सुनेवर. जिथे जीव असतो तिथे माणूस फार शंका घेत नाही. सुखदानेही घेतली नाही.

झालं असं की चौथा महिना लागला आणि सुखदाचे हात आपसूक बरे झाले. गरोदरपणात काही जणींचा हा आजार काही काळ दबतो. खळदकरांनी तिला हेही सांगितलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिने आपल्या सोयीने घेतला. एका सकाळी तिने हूक स्वतः लावले आणि आरशासमोर उभी राहून रडली. निमिष अंघोळ करून बाहेर आला तर त्याला करायला काम नव्हतं. तो म्हणाला, बरी आहेस ना आता, मग त्या गोळ्या कशाला. त्याने फोनवर वाचलं होतं की दोन्हींतली एक गोळी मलेरियाला देतात. आता मलेरिया कुठे होता? प्रभावतीबाईंचं तर पहिल्यापासून हेच म्हणणं होतं. पोटुशी बाई गोळ्या खात नाही, त्यांनी स्वतः निमिषच्या वेळी सर्दीची गोळीसुद्धा घेतली नव्हती आणि पोरगं बघा कसं धडधाकट झालं. धडधाकट पोरगं तेव्हा गाडीची चावी शोधत घरभर फिरत होतं.

सुखदाने गोळ्या बंद केल्या. कोणी बळजबरी केली नाही. तिघांनाही तेच हवं होतं. घरात गोळ्यांचा डबा दिसेनासा झाला आणि घर एखाद्या नॉर्मल घरासारखं वाटू लागलं. पुढची तपासणी तिने टाळली, कारण खळदकर पहिल्या वाक्यात विचारणार हे तिला ठाऊक होतं.

सहावा महिना भरत आला आणि दुखणं परत आलं. नुसतं आलं नाही, वसुलीला आल्यासारखं आलं. बोटं, मनगटं, खांदे, पायाचे चवडे. बाळाच्या वजनाने पाय आधीच भरून आलेले, त्यात जमिनीवर टेकवले की काचेवर पाय पडल्यासारखी कळ. वर्गात तिच्या हातून खडू गळून पडला आणि पोरं हसली, आणि तिला एकही टोमणा सुचला नाही. संध्याकाळी ती पलंगावर बसून हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहायची. पोटात बाळ पाय मारत होतं आणि हिला पोटावर हात ठेवायला मनगट वळत नव्हतं. खळदकरांकडे जायचं म्हणजे आधी गोळ्या बंद केल्याचं कबूल करायचं. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवण्यात जिचं आयुष्य गेलं तिला स्वतःचं चुकलेलं दाखवणं जड गेलं. आज नको, उद्या जाऊ, असं तिने स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

प्रभावतीबाईंना ते बघवेना. त्यांनी आपल्या पुडीतली अर्धी पुडी कोमट दुधात कालवली आणि पेला तिच्या तोंडाला लावला.

या पुडीची हकीगत अशी. हरिहररावांबरोबर जुळणीवर उभे राहणारे त्यांचे दोस्त उद्धवराव, मूळचे इथलेच, गावकीतले. आयुष्यभर काँक्रीटवर उभं राहून त्या पिढीच्या कामगारांचे गुडघे आणि कंबर कामातून गेली होती. उद्धवराव दर महिन्याला चाकणच्या पलीकडे कुठल्याशा बुवाकडे जात, झाडपाल्याचं राखाडी चूर्ण घेऊन येत आणि सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या जुन्या सोबत्यांना वर्तमानपत्राच्या कागदात बांधून वाटत. दोस्ताच्या विधवेला तर ते घरपोच देत. कधी छदाम घेतला नाही. घेतला असता तर कदाचित कोणी तरी विचारलं असतं की यात आहे काय. फुकट आणि प्रेमाने दिलेल्या वस्तूला असं विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं धरतात. आणि गुण तर डोळ्यांपुढे होता. प्रभावतीबाई सहा वर्षं ती घेत होत्या आणि जिने चढत होत्या.

सुखदाला तिसऱ्या दिवशी गुण आला. चौथ्या दिवशी तिने पोळ्या लाटल्या. प्रभावतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि उद्धवरावांना फोन करून सुनेपुरत्या जास्तीच्या पुड्या मागवल्या. पोटुशी आहे म्हटल्यावर उद्धवरावांनी जरा विचार केला आणि म्हणाले, झाडपाला हाय वहिनी, त्याला काय हुतंय. मग रोज रात्रीच्या जेवणानंतर दूध, दुधात पुडी. बाळंतपणाच्या डॉक्टर दर खेपेला विचारायच्या, लोह-कॅल्शियम सोडून काही गोळ्या चालू आहेत? सुखदा सांगायची, नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी गोळी म्हणजे पाकिटातून सोलून काढायची वस्तू, पाकिटावर नाव असलेली, मागे बारीक अक्षरांत धोके लिहिलेली. दुधातल्या पुडीला नाव नव्हतं, म्हणून तिला धोकाही नव्हता. दोन पदव्या घेतलेली बाई हा विचार करत होती, हे लक्षात घ्या. दुखणं थांबलं की माणसाची अक्कल त्या थांबण्याच्या बाजूने बोलायला लागते.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, मागे फुगे. हाताला सूज असेल या हिशेबाने प्रभावतीबाईंनी हिरव्या बांगड्या एक माप मोठ्या सांगून ठेवल्या होत्या. बांगड्या भरायला आलेल्या रंभाकाकूंनी सुखदाचा हात हातात घेतला, अंगठा आत दुमडला, आणि बांगड्या सळसळत आत गेल्या. कुठे अडल्या नाहीत. सैलच झाल्या. बायका कौतुक करत होत्या आणि प्रभावतीबाई डोळे टिपत होत्या. उद्धवरावांना खास बोलावलं होतं. ते पुरुषांच्या घोळक्यात दाराशी अवघडून उभे होते, तर सुखदा मुद्दाम उठून त्यांच्या पाया पडली. बऱ्याच महिन्यांनी ती कोणाच्या पाया पडण्याइतकी वाकू शकली होती. त्या दिवशीचे तिचे फोटो फार सुंदर आले आहेत. चेहरा गोल, गाल वर आलेले. सगळ्यांना ते गरोदरपणाचं तेज वाटलं.

पुढच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी दिसलं. पाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा, आठवड्याने या, असं सांगितलं. सुखदा इतकं पाणी प्यायली की तिला उलट्या झाल्या. आठवड्याने पाणी आणखी कमी. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्यांबद्दल पुन्हा नीट खोदून विचारलं, आणि सुखदाने पुन्हा, खरंच तसं वाटून, ‘नाही’ असंच सांगितलं. तिला दाखल करून घेतलं. कारण सापडत नव्हतं. पाणी असंच आटत गेलं तर बाळ आतच जाईल, किंवा फार लवकर बाहेर काढावं लागेल, आणि मग ते जगेल की नाही याची हमी नाही, हे डॉक्टरांनी निमिषला बाहेर नेऊन सांगितलं. त्याने आत येऊन सुखदाला सांगितलं, सगळं ठीक आहे. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि भिंतीकडे वळली. प्रभावतीबाई रोज संध्याकाळी घरून दूध आणत होत्या. दवाखान्यातलं दूध पाणीदार असतं म्हणून. त्यात पुडी असायची, अर्थातच. आता तर सुनेला ताकदीची जास्त गरज होती.

जुना आजार आहे म्हणून तिथल्या डॉक्टरांनी खळदकरांना बोलावलं. त्या आल्या. सुखदाने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकलं की चौथ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या, चुकलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, हे तिला विचित्र वाटलं. त्यांनी तिचा हात चादरीतून बाहेर काढला, बोटं एकेक दाबली, सैल बांगड्या वरखाली केल्या, मग तिच्या गोल चेहऱ्याकडे आणि उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या राखाडी झाक आलेल्या दुधाकडे पाहिलं. गोळ्या चार महिने बंद आणि सांधे इतके शांत, हे त्यांना पटेना. त्यांनी सुखदाला काहीच विचारलं नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या प्रभावतीबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही हिला दुधातून काय देता?"

प्रभावतीबाईंचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत कोणी तरी त्यांच्या कष्टांची विचारपूस करत होतं. त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. साधा झाडपाला आहे, म्हणाल्या, मी स्वतः सहा वर्षं घेते, हवी तर तुम्हालाही देते.

डॉक्टरांनी पुडी उघडली, चूर्ण बोटाने चोळलं आणि पुन्हा बांधली. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं. अशा पुड्या त्यांनी याआधी तपासून घेतल्या होत्या. त्यात दुखण्याच्या गोळ्या कुटलेल्या असतात आणि वर स्टेरॉइड, म्हणून तर तिसऱ्या दिवशी गुण येतो आणि पुढे चेहरा असा गोल होतो. ही पण तपासायला देऊ, पण थांबायला वेळ नाही. दुखण्याच्या त्या गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला लागतात, बाळ लघवी कमी करतं, आणि या महिन्यांत बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बहुतेक तेवढंच असतं.

प्रभावतीबाईंचे हात पुढे केलेले तसेच राहिले. सुखदाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात जे आलं ते इतकं वाईट होतं की तिने डोळे मिटून घेतले. तिला ओरडायचं होतं. माझ्या बाळाला तुम्ही, असं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. पण पेला तिने स्वतः रिकामा केला होता, रोज, तळाशी राहिलेलं बोटाने पुसून.

खळदकरांनी पुडी त्याच दिवशी बंद केली. पण स्टेरॉइड एकदम तोडायचं नसतं, अंगाला सवय लागलेली असते, असं सांगून त्याची मोजकी गोळी बाळाला चालेल अशा बेताने सुरू केली, आणि चौथ्या महिन्यात डब्यात गेलेली ती मलेरियावाली गोळीही. त्या गोळीला अंगात लागू पडायला बरेच आठवडे लागतात. तोपर्यंत सोसायचं होतं. सुखदाने सोसलं. सूज पुन्हा चढली, बोटं भेंडीच्या देठासारखी आखूड आणि ताठ झाली, रात्री कूस बदलायला ती निमिषला हाक मारायची आणि तो स्टुलावरून उठून तिला पोत्यासारखी नाही, फार हळू, पण तरी उचलूनच वळवायचा. सोनोग्राफीत पाणी थोडं वाढलेलं दिसायचं, त्या दिवशी ती जेवायची. नाही वाढलं तर नाही. सैल असलेल्या हिरव्या बांगड्या आता मनगटात रुतून बसल्या होत्या.

या सगळ्यात प्रभावतीबाईंकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पुडीचं कळलं त्या दिवशी त्या घरी गेल्या, डब्यातल्या पुड्या संडासात ओतल्या, आणि स्वतःचीही पुडी त्या क्षणापासून बंद केली. एकदम तोडायचं नसतं हे वाक्य त्या खोलीत त्यांच्याही कानावर पडलं होतं. पण ते सुनेसाठी होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, कारण त्यांना स्वतःला शिक्षा करायची होती. त्या डबा आणायच्या, पण हात कापायचे. दोनदा ओकल्या. निमिषला वाटलं, आईने धसका घेतलाय. एका सकाळी शेजारच्यांना त्या न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या, रक्तदाब लागेनासा झालेला. त्याच दवाखान्यात, सुनेच्या खालच्या मजल्यावर, त्यांना आणलं. सहा वर्षांचं स्टेरॉइड एका दिवसात तोडलं होतं. जीव वाचला. पण पुडीने इतकी वर्षं झाकून ठेवलेले गुडघे आता उघडे पडले होते. तिच्या जोरावर चढलेल्या जिन्यांनी ते पार खलास केले होते. निमिषने महाळुंग्याच्या कंपनीतून रजा मागून मागून संपवली आणि तो दोन मजल्यांमध्ये लिफ्टची वाट बघत राहिला. लिफ्टमध्ये एकटा असला की रडून घ्यायचा. एवढाच त्याचा हक्काचा वेळ होता.

आठवा महिना संपायच्या आत बाळाची वाढ थांबल्याचं दिसलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं. नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या. निघेनात. साबण झाला, तेल झालं, सुखदाच्या तोंडून न ठरवता असा आवाज निघाला की नर्सने हात सोडून दिला. मग तिने मनगटाला फडकं गुंडाळलं आणि पक्कड मागवली. निमिषने आईला फोन लावून सांगितलं की बांगड्या फोडाव्या लागतायत.

खालच्या मजल्यावरून प्रभावतीबाईंचा बारीक आवाज आला, "फोडल्या म्हणू नकोस रे. वाढवल्या म्हण."

फडक्याच्या आत काच एकेक करून मोडत होती. निमिष प्रत्येक वेळी, वाढवली, वाढवली, असं पुटपुटत राहिला. सुखदाला हसू आलं आणि तिथेच रडू आलं. हिरवे तुकडे ट्रेमध्ये पडले आणि तिला आत नेलं.

मुलगी झाली. मूठभर, सुरकुतलेली, पण जिवंत. काही आठवडे काचेच्या पेटीत काढून ती घरी आली. किडनीकडे वर्षभर लक्ष ठेवावं लागेल, असं सांगितलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि नेमकं तेव्हाच सुखदाचं दुखणं पूर्ण जोमाने उसळलं. बाळंतपणानंतर ते तसं उसळतं, खळदकरांनी बजावलं होतंच. ती आता मान हलवून मोकळी होत नव्हती, एकही गोळी चुकवत नव्हती, अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या वेळेवर घेत होती. पण औषधं सावकाशीने काम करतात आणि तान्ह्या मुलीला दर दोन तासांनी भूक लागते.

बाळ बघायला उद्धवराव आले. झबलं-टोपडं आणलं होतं. त्यांना फोनवर कळलं होतं सगळं, तपासणीत काय निघालं तेही. ते बसेनात. प्रभावतीबाई आतल्या गादीवरून उठू शकत नव्हत्या म्हणून तेच आत गेले आणि उंबऱ्याशी उभे राहिले.

"म्या सोता खातो वहिनी," ते म्हणाले. "घरात कारभारनीलाबी त्येच देतो. इख हाय म्हाईत असतं तर दिलं असतं का?"

प्रभावतीबाई म्हणाल्या, मला माहीत आहे भावजी. या माणसाच्या आपण पाया पडलो होतो हे सुखदाला आठवत होतं. त्याला घराबाहेर काढावंसं वाटत होतं आणि त्याला चौकट धरून उभं राहिलेलं बघून खुर्चीही द्यावीशी वाटत होती. बाहेर पडताना उद्धवराव तिच्याजवळ थांबले. बागेतल्या सगळ्यांना सांगितलं, म्हणाले, पुडी बंद करू नका एकदम, डाक्टरला दावा. कोण जाणार हाय डाक्टरकडं? आणि मग खाली बघत विचारलं, "आता आमी काय खायाचं, पोरी?"

ते जिन्याची एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरून गेले.

त्यानंतरची एक दुपार. निमिषची रजा संपून पहिली शिफ्ट सुरू झाली होती. बाळाला न्हाऊमाखू घालायला आणि उचलून पदराखाली द्यायला अंबूबाई येत, पण त्यांच्या नातवाला ताप होता म्हणून त्या लवकर गेल्या. मुलगी खाली दुपट्यावर झोपली होती. पलीकडच्या गादीवर प्रभावतीबाई. मुलगी उठली आणि रडू लागली.

सुखदा कशीबशी वाकली. दोन्ही हात तिच्याखाली सरकवायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात. मानेखाली तळवा गेला, पण मनगटाने तेवढंसं वजनही पेललं नाही, आणि मुलीचं डोकं जरा वर येऊन पुन्हा दुपट्यावर पडलं. फार नाही, दोन बोटं. तरी सुखदा थिजली. तिने पुन्हा हात लावला नाही. प्रभावतीबाई बसल्या जागेवरून घसटत पुढे आल्या, पण न्हाणीघरात पडल्यापासून त्यांच्या हातांतही बाळ पेलण्याएवढी ताकद उरली नव्हती. दोघी दोन्ही बाजूंना बसून राहिल्या आणि मध्ये मुलगी लालबुंद होऊन रडत होती.

प्रभावतीबाई भिंतीकडे बघत बोलल्या. "एक पुडी आहे. टाकवली नाही मला. देव्हाऱ्याच्या खणात आहे."

सुखदाला संताप आला. आणि तो सासूचा नव्हता. खण हे एवढंसं ऐकल्याबरोबर तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, त्याचा होता. तिला तो पेला आठवला, तळाशी राहिलेला राखाडी साका आठवला, चौथ्या दिवशी लाटलेल्या पोळ्या आठवल्या. आता मुलगी पोटात नाही, हेही तिच्या मनाने तिला लगेच सुचवलं. परवापर्यंत हात उघडतील. ती देव्हाऱ्याकडे बघत राहिली.

"राहू द्या तिथेच," ती म्हणाली. "निमिष आला की त्याला टाकायला सांगू. आपण दोघींनी त्या खणाला हात लावायचा नाही."

प्रभावतीबाईंनी मान हलवली.

मग सुखदा जमिनीवर कोपर टेकत, कण्हत, मुलीच्या शेजारी आडवी झाली. ब्लाउजचे हूक तिला काढता येईनात. प्रभावतीबाईंनी हात लांब करून ते काढले. मुलगी उचलता येत नव्हती म्हणून सुखदाच घसटत तिच्याकडे सरकली, आणि दोन-तीनदा हुकून शेवटी मुलीला दूध सापडलं. रडणं थांबलं. आता निमिषच्या कंपनीची बस येईपर्यंत तिला उठता येणार नव्हतं.

पिता पिता मुलीने आईचं बोट मुठीत धरलं, सुजलेल्या सांध्यावरच, आणि घट्ट आवळलं. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. सुखदाने बोट सोडवून घेतलं नाही.